पत्त्यांवर विणलेल्या पट्टीची कड: ताणा लावण्याआधी काय ठरवायचं

पहिली पट्टी मी टॅब्लेट विणकामाने, म्हणजे भोकं पाडलेले चौकोनी पत्ते फिरवून, झोळीच्या बंदासाठी विणली. २० पत्ते, लाल-काळी नक्षी, आणि घरात पांढरा दोरा उरला होता म्हणून बाणा, म्हणजे आडवा धागा, पांढरा. सगळं लक्ष नक्षीत होतं. पट्टी उतरवली तेव्हा नक्षी मनासारखी आली होती, पण दोन्ही कडांवर पांढऱ्या ठिपक्यांची रांग उमटली होती आणि दर वीतभर अंतरावर कड आत-बाहेर झाली होती. बंद दोन वर्षं वापरला. नक्षी अजून शाबूत आहे. विरली ती कड, आणि तीही नेमकी जिथे बाणा उघडा पडला होता तिथे. तेव्हापासून मी वहीत आधी कड लिहिते, नक्षी त्यानंतर.

टॅब्लेट विणकामाच्या एक-दोन पट्ट्या करून पाहिलेल्यांसाठी हा लेख आहे. शब्द एकदा ठरवून घेऊ. चार भोकांच्या चौकोनी तुकड्याला मी पत्ता म्हणते. माझे पहिले पत्ते खरोखरच जुन्या कॅटमधून कापलेले होते, साडेपाच सेंटीमीटरचे चौकोन. पत्त्यांच्या भोकांतून जाणारे उभे धागे म्हणजे ताणा, आडवा धागा म्हणजे बाणा. पत्ता पाव फेरी फिरवला की ताण्यात उघडते ती फट, आणि फटीतून बाणा एकदा गेला की एक ओळ झाली.

कडेवर नेमकं काय घडतं

या विणीत ताणा इतका दाट असतो की बाणा त्याच्या पोटात दडून जातो. तो दिसतो एकाच ठिकाणी: कडेला, जिथे वळून तो परत आत शिरतो. हे वळण किती घट्ट बसतं, त्याला कुठला धागा झाकतो आणि घर्षण कोण झेलतं, यावर पट्टीचं आयुष्य ठरतं.

पत्त्यांची वीण आणि कड यांचं नातं फार जुनं आहे. इटलीतल्या वेरुक्किओ इथल्या थडग्यात इ.स.पू. ७०० च्या सुमाराचे लोकरी झगे सापडले, त्यांचे काठ पत्त्यांवर विणलेले आहेत. उत्तर जर्मनीतल्या थोर्सबर्गच्या दलदलीतून निघालेल्या रोमन काळातल्या झग्यालाही असेच रुंद काठ आहेत. तिथे पत्त्यांची पट्टी हीच कापडाची कड होती, कारण मोठ्या कापडाला सर्वांत मजबूत विणीची गरज तिथेच असते. आपण सुटी पट्टी विणतो तेव्हा त्या पट्टीलाही तिची स्वतःची कड द्यावी लागते, आणि ती ताणा लावतानाच द्यावी लागते. नंतर जोडता येत नाही.

पहिली पायरी: पट्टीचं काम लिहून काढा

वहीत चार प्रश्नांची उत्तरं लिहा. पट्टी कशावर घासणार आहे? तिच्या कडा मोकळ्या राहणार की कापडावर शिवल्या जाणार? दोन्ही बाजू दिसणार का? आणि नक्षीसाठी पत्त्यांची दिशा मध्येच उलटवावी लागणार का?

चौथा प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत, आणि खराब कडांचं मूळ बहुतेक वेळा तिथेच असतं. नुसत्या रंगांच्या ओवणीतून नक्षी येत असेल आणि सगळे पत्ते एकाच दिशेने फिरत असतील, तर कड सोपी आहे. पण दुरंगी दुहेरी विणीत, जिथे एका बाजूला काळ्यावर पांढरं आणि दुसऱ्या बाजूला पांढऱ्यावर काळं दिसतं, तिथे पत्ते दोनदा पुढे, दोनदा मागे असे फिरतात. म्यानमारमध्ये ताडपत्रावरचे बौद्ध ग्रंथ बांधण्यासाठी ‘सझिज्यो’ नावाच्या लांब पट्ट्या विणल्या जात. त्यांवर दात्यांची नावं आणि त्यांच्या पुण्यकर्मांचा मजकूर पत्त्यांच्या विणीतूनच उमटवलेला असे. अशी अक्षरं काढायची तर नक्षीचे पत्ते सतत दिशा बदलणार. त्यांच्यासोबत कडेचे पत्तेही तसेच फिरवले, तर कड दातेरी होते. म्हणून कडेच्या पत्त्यांचा हिशेब वेगळा ठेवायचा.

दुसरी पायरी: साधी कड नीट बसवा

दहापैकी आठ पट्ट्यांना हीच कड पुरते. बाकीचे प्रकार वाचण्याआधी हिच्यावर हात बसू द्या, कारण पुढच्या प्रत्येक प्रकारात हिचीच शिस्त लागते.

प्रत्येक बाजूला दोन पत्ते कडेसाठी राखा. पट्टी पिशवीचा बंद किंवा कमरेचा पट्टा होणार असेल तर चार. या पत्त्यांच्या चारही भोकांत एकाच रंगाचा दोरा ओवा, आणि बाणाही त्याच रंगाचा घ्या. एवढ्यानेच ठिपक्यांची ती रांग नाहीशी होते. बाण्याचा दोरा ताण्याएवढा किंवा किंचित बारीक असावा. जाड बाण्याचं वळण फुगीर बसतं आणि कडेला गाठींसारखे उंचवटे येतात.

ओवणीची दिशा डाव्या-उजव्या बाजूला आरशातल्यासारखी उलट हवी. वरून पाहिलं की पत्ता रोमन लिपीतल्या एस किंवा झेड अक्षराच्या मधल्या रेषेसारखा तिरका दिसतो. डाव्या कडेला एस असेल तर उजव्या कडेला झेड. सगळे पत्ते एकाच बाजूला तिरके ठेवले तर पूर्ण पट्टीच मळसूत्रासारखी वळू लागते. एका कडेच्या दोन शेजारच्या पत्त्यांपैकी एक एस आणि एक झेड ठेवला, तर त्या जोडीतून साखळी टाक्यासारखी सुबक रेघ तयार होते. दोन्ही सारखे ठेवले तर पीळदार दोरखंडासारखी कड दिसते. मला बंदांसाठी साखळी आवडते, कपड्यांवरच्या बारीक पट्टीला पीळ. सर्वांत बाहेरच्या पत्त्याची तिरकी बाजू कडेचं रूप बदलते, म्हणून नमुन्यात दोन्ही करून पाहा आणि बोटाने चाचपून पाहा.

आता बाण्याचा ताण. यासाठी मी वापरते ती रीत अशी: धोटा, म्हणजे बाणा गुंडाळलेली चपटी पट्टी, फटीतून पलीकडे न्या, पण ज्या कडेतून तो आत शिरला तिथे बाण्याचा करंगळीच्या टोकाएवढा फास बाहेर राहू द्या. पत्ते फिरवा. नव्या फटीत धोट्याची कड घालून आधीची ओळ ठोका. मग बाणा हळूच ओढा. फास आत सरकत कडेला टेकला की थांबा. मग पुढची ओळ घाला, पुन्हा दुसऱ्या बाजूला फास ठेवून. पत्ते फिरल्यावर बाहेरचे धागे आपल्या जागी बसलेले असतात, त्यामुळे बाणा त्यांना आत खेचत नाही, नुसता बिलगतो. फट बदलण्याआधीच ओढण्याची सवय मोडायला मला दोन पट्ट्या लागल्या. तुम्हालाही तेवढा वेळ लागला तर लागू द्या.

रुंदी डोळ्यांवर सोपवू नका. पुठ्ठ्याच्या पट्टीवर हव्या त्या रुंदीच्या दोन खुणा करा आणि दर दहा ओळींनी विणीवर ठेवा. १० नंबरच्या क्रोशाच्या सुती दोऱ्यात २० पत्त्यांची पट्टी साधारण दोन ते अडीच सेंटीमीटर येते. तुमचा आकडा तुमच्या नमुन्यातून काढा. सुरुवातीच्या दहा-बारा ओळींत पट्टी पसरट असते, तेवढा भाग उरलेल्या दोऱ्याने विणा आणि शेवटी उसवून टाका.

बाण्याचा दोरा संपला तर गाठ मारू नका, कडेजवळ तर नाहीच. जुनं टोक आणि नवं टोक पट्टीच्या मध्यावर एकाच फटीत तीन-चार सेंटीमीटर एकमेकांवर ठेवा आणि पुढे चला. म्हणून धोट्यावर पुरेसा दोरा आधीच भरलेला बरा. समजा सेंटीमीटरला पाच ओळी येतात. मीटरभर पट्टीत ५०० ओळी होतात, अडीच सेंटीमीटर रुंदीला साडेबारा मीटर बाणा लागतो, वळणांसकट पंधरा धरा.

तिसरी पायरी: पिळाचं काय करणार ते ठरवा

कडेचे पत्ते एकाच दिशेने फिरत राहिले की कड सुंदर येते, पण पत्त्यांच्या पलीकडे ताण्यात पीळ साठत जातो. वरचाच हिशेब पुढे नेला तर ५०० पाव फेऱ्या म्हणजे एका पत्त्यावर १२५ पूर्ण पीळ. नक्षीचे पत्ते पुढे-मागे फिरून आपला पीळ आपणच सोडवतात, कडेचे सोडवत नाहीत. थोड्याच वेळात ते फिरेनासे होतात, फट नीट उघडत नाही, आणि धागा तुटतो तोही कडेचाच.

सर्वांत साधा उपाय दिशा उलटवण्याचा. पण उलटताना काय होतं ते समजून घ्या. एकाच दिशेने फिरताना प्रत्येक धागा दोन ओळी वर, दोन ओळी खाली असा जातो. दिशा बदलली की पत्त्यातला एक धागा सलग तीन ओळींवर वर राहतो आणि त्याच्या समोरचा तीन ओळी खाली राहतो. बाहेरच्या पत्त्यात हे घडलं की बाण्याचं वळण त्या जागी नीट झाकलं जात नाही आणि कडेला छोटी खाच दिसते. पत्ता उभ्या अक्षावर पालटून त्याच दिशेने फिरवत राहिलं तरी विणीत परिणाम तोच होतो, त्यामुळे त्या युक्तीने खाच टळत नाही. खाच नजरेआड मात्र करता येते: उलटणं दोन्ही कडांना एकाच ओळीत करा आणि अशा जागी करा जी बक्कलाखाली किंवा दुमडीत जाणार आहे. पट्टा मोजून विणत असाल तर हे आधीच आखता येतं. बाहेरचा आणि आतला पत्ता मात्र एकाच ओळीत उलटवू नका. चार-पाच ओळींचं अंतर ठेवलं की दोन खाचा एकमेकींवर येत नाहीत.

पट्टी लांब असेल आणि कुठेच खाच नको असेल तर कडेचा ताणा वेगळा बांधा. मी खिडकीच्या गजाला ताणा बांधून दुसरं टोक कमरेला लावून विणते. नक्षीच्या पत्त्यांचे धागे एका जुडीत गजाला, आणि कडेच्या प्रत्येक पत्त्याचे चार धागे गजावरून पलीकडे सोडून त्यांच्या टोकाला पाण्याची छोटी बाटली. चारही धाग्यांची गाठ आणि बाटली यांच्यामध्ये मासेमारीच्या सामानाच्या दुकानात मिळणारं स्विव्हल, म्हणजे स्वतःभोवती फिरणारी छोटी कडी, अडकवलं की पीळ आपोआप सुटतो. स्विव्हल नसेल तर वीत-दीड वीत विणून झाल्यावर बाटली हातात धरा आणि तिला उलट दिशेने फिरू द्या. सगळ्या बाटल्यांत पाणी सारखं भरा, नाहीतर एक कड ताणलेली आणि दुसरी सैल राहते. वेगळं बांधण्याचा आणखी एक फायदा आहे. कडेच्या पत्त्यांचा ताणा नक्षीच्या ताण्यापेक्षा वेगळ्या गतीने खपतो, आणि बाटली तो फरक सांभाळून घेते.

कडेचे पत्ते नक्षीच्या पत्त्यांपासून बोटभर दूर सरकवून ठेवा आणि त्यांच्या एका कोपऱ्यावर नेलपॉलिशचा ठिपका लावा. विणताना कोणी दार वाजवलं तरी परत आल्यावर नजर टाकली की ते कुठे थांबले होते हे कळतं.

चौथी पायरी: खांद्यावर येणाऱ्या पट्टीला पोकळ कड

उत्तर युरोपातल्या लोहयुगीन लोकरी कापडांवर एक वेगळी कड सापडते: गोल, पोकळ, नळीसारखी. झोळीच्या बंदाला मी आता हीच वापरते. खांद्यावर तिची धार टोचत नाही, आणि घर्षण एका वळणावर न पडता गोल पृष्ठभागावर पसरतं.

प्रत्येक बाजूला चार ते सहा पत्ते राखा. बाण्याचा रस्ता बदलतो, बाकी सगळं तेच. डावीकडून उजवीकडे जाताना बाणा नक्षीचे पत्ते संपतात तिथेच फटीतून खाली काढा. उजव्या कडेच्या पत्त्यांतून नेऊ नका. त्यांच्या खालून तो बाहेरच्या टोकाला आणा. सगळे पत्ते फिरवा, ठोका. आता बाणा अगदी बाहेरच्या टोकातून आत घाला आणि कडेचे पत्ते, मग नक्षीचे पत्ते असा डावीकडे न्या. डाव्या कडेआधी पुन्हा खाली काढा, खालून बाहेर आणा, फिरवा, बाहेरून आत. म्हणजे कडेच्या पत्त्यांतून बाणा नेहमी बाहेरून आतच जातो. प्रत्येक वेळी ओढल्यावर कडेचं बाहेरचं टोक खालच्या अंगाने नक्षीच्या सीमेकडे वळतं आणि दहा-बारा ओळींत नळी दिसू लागते.

पहिल्या काही ओळींत ती नळी न वाटता नुसती आखडलेली कड वाटेल. धीर धरा. नळी सैल राहिली तर फास ठेवून नंतर ओढण्याची वर सांगितलेली रीत इथे जरा जास्त जोर देऊन वापरा. बाणा नेहमीपेक्षा जास्त लागतो, धोटा तसा भरा. मात्र कापडावर शिवायच्या पट्टीला ही कड घेऊ नका, सपाट बसत नाही.

पाचवी पायरी: जरीने नक्षी भरायची असेल तर

जरीच्या किंवा रेशमी जादा बाण्याने नक्षी भरताना पट्टीत दोन बाणे चालतात: एक जमिनीचा, पोटात दडलेला, दुसरा नक्षीचा, वर दिसणारा. नक्षीचा बाणा कडेपर्यंत आणू नका. कडेचे दोन-तीन पत्ते बाकी असतानाच तो वळवून आत घ्या. जरीची तार कडेला आली तर पहिल्या महिन्यातच उलगडू लागते, शिवाय त्वचेला टोचते. स्वीडनमधल्या बिर्का इथे १० व्या शतकातल्या थडग्यांत रेशमी ताण्यावर सोन्या-चांदीच्या तारेने भरलेल्या अरुंद पट्ट्या मिळाल्या. अशा मौल्यवान तारेला पट्टीच्या आत सुरक्षित ठेवणं म्हणजे नेमकं काय, ते जरीने भरताना हाताला कळतं. पैठणीचा काठ बारकाईने पाहिलेल्या कोणालाही हे वेगळं सांगायला नको.

जमिनीचा बाणा एकच असला की डाव्या आणि उजव्या कडेत एका ओळीचा फरक पडतो. तो खुपत असेल तर दोन धोटे घ्या आणि प्रत्येक फटीतून दोन्ही बाणे समोरासमोरून न्या. दोरा निम्म्या जाडीचा घ्या. कड दोन्हीकडे एकसारखी आणि फार घट्ट येते. वेळ बराच जास्त लागतो, म्हणून मी हे फक्त भेट द्यायच्या पट्ट्यांना करते.

सहावी पायरी: कापडावर जाणारी पट्टी

पट्टी दोन्ही कडांनी शिवली जाणार असेल तर कडेला दोनच पत्ते ठेवा, साखळी करा, आणि शिवताना सुईचा टाका त्या दोन पत्त्यांच्या मधल्या खाचेत घ्या. टाका तिथे दिसेनासा होतो.

याहून देखणी एक रीत आहे, जिच्यात पट्टी वेगळी विणून शिवायचीच नाही. लंडनमध्ये उत्खननात सापडलेल्या १४ व्या शतकातल्या कपड्यांच्या तुकड्यांत काजांच्या कडेवर पत्त्यांची वीण थेट कापडावर घातलेली आहे. कृती अशी: थोडेच पत्ते घ्या, तीन-चार पुरेत. बाणा धोट्यावर न ठेवता सुईत ओवा. कापडाची दुमडलेली कड पत्त्यांच्या शेजारी, ताण्याला समांतर धरा. सुई फटीतून न्या, कापडाच्या कडेतून एक टाका घ्या, पत्ते फिरवा, पुढच्या फटीतून सुई परत आणा. कापडाकडच्या बाजूला बाण्याचं वळण उरतच नाही, ते टाक्यात जातं. फक्त बाहेरची कड सांभाळायची राहते, आणि ती साधीच असते. टाक्यांमधलं अंतर दोन ओळींएवढंच ठेवा. कमी-जास्त झालं तर कापड चुणतं. जॅकेटच्या पुढच्या कडेला आणि जाड सुती पिशवीच्या तोंडाला मी हे केलं आहे.

शोभेसाठी कडेला झालर हवी असेल तर बाण्याचं प्रत्येक वळण कडेला समांतर धरलेल्या बारीक विणकामाच्या सुईवरून घ्या आणि दहा-बारा ओळींनी सुई पुढे सरकवा. सारख्या मापाचे फास राहतात. तोरणाला छान, वापरातल्या पट्टीला नको, सगळीकडे अडकतात.

सातवी पायरी: नमुना, धुणं, मग निवड

नॉर्वेतल्या ओसेबर्ग इथे इ.स. ८३४ च्या जहाज-दफनात ५२ पत्ते ताण्यासकट सापडले, अर्धवट विणलेल्या पट्टीसह. एवढे पत्ते ओवल्यावर कड बदलायची म्हणजे काय, याची कल्पना ५२ पत्ते ओवून पाहिलेल्यालाच येईल. म्हणून नमुना आठ पत्त्यांवर करा: चार नक्षीचे, दोन-दोन कडेचे. पोकळ कडेसाठी सोळा. प्रत्येक प्रकार तळहाताएवढा विणा आणि मध्ये चार ओळी वेगळ्या रंगाचा बाणा घालून सीमा आखा. नक्षीत पत्ते उलटणार असतील तर नमुन्यातही उलटवा, नाहीतर नमुना खोटं सांगतो.

नमुना कोमट पाण्यात साबणाने धुवा आणि सावलीत सपाट वाळवा. हे टाळू नका. धुतल्यावर दोरा आटतो, सैल फास उघडे पडतात, आणि लाल किंवा गडद निळा दोरा रंग सोडत असेल तर तो शेजारच्या फिक्या कडेवर उतरलेला दिसतो. वाळल्यावर कड नखाने वीसेक वेळा घासा. कुठे तंतू उठतात ते पाहा. मग नमुना वहीत टाचून शेजारी लिहा: कडेचे पत्ते किती, एस-झेडचा क्रम, बाण्याचा दोरा, सेंटीमीटरला ओळी, धुण्याआधीची आणि नंतरची रुंदी.

खरी पट्टी विणून झाली की तीही अशीच धुवा. बाण्याची जोडलेली टोकं तोपर्यंत लोंबती राहू द्या, आणि पट्टी पूर्ण वाळल्यावरच ती विणीलगत कापा.